शत्रूशी संपर्क

माझं इंग्रजी चांगलं होतं हे आधीच सांगून टाकते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. राजुऱ्याकडच्या आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड., आणि चोविसाव्या वर्षी ब्रह्मपुरीच्या पलीकडे, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका गावात हायस्कुलात नोकरीला लागले. पोस्टमनला पाकिटावरचा इंग्रजी पत्ता लागला नाही की तो माझ्या खोलीवर यायचा. औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं तरी लोक माझ्याकडेच यायचे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ना, तशी मी पिवळीधमक झाले होते. जिभेलाही हाड नव्हतं. मनात आलं की बोलून मोकळी.

त्या गावात एक माजी नौसैनिक राहायचे. गावाच्या दक्षिणेला बौद्ध वस्ती होती आणि तिच्या शेवटी, तलावाच्या पाळीला लागून त्यांचं घर. पंचेचाळिशीचे असतील. पंधरा वर्षं नौदलात काढून परत आले होते आणि आता दोन एकर धान करत. सगळं गाव त्यांना नेव्हीवाले भाऊ म्हणायचं. चालताना पाय जरा फाकवून टाकायचे, त्यावरून पोरं त्यांची नक्कल करायची. डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नसे. बोलणाऱ्याच्या उजवीकडे मान वळवून ते उभे राहत. नवखा माणूस बुचकळ्यात पडे की हे माझ्याकडे पाहून राहिले का माझ्या मागे कोणाकडे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते मुलांना तलावावर न्यायचे. मुख्याध्यापकांनीच तशी परवानगी दिली होती. कवायत, दोरीच्या गाठी, पोहणं. मुलीसुद्धा जायच्या, आणि त्या गावात मुलीने पोहायला शिकणं ही साधी गोष्ट नव्हती. एकदा मीही गेले, पाळीवर छत्री उघडून बसले. त्या तलावात पानडुब्या खूप. ती बदकाहून लहान, करड्या रंगाची पाखरं, चाहूल लागली की टुपकन बुडी मारतात आणि भलतीकडेच वर येतात.

सातवीतला एक मुलगा म्हणाला, "भाऊ, तुमी पानडुबी मारली म्हून सरकारनं तुमाले बिल्ला देल्ला म्हंते. खरं हाये का?"

भाऊ पोटभर हसले. "ते पाखरू नोहो बाबू. हिंदीत पनडुब्बी म्हंतात ते. लोखंडाची असते, जहाजावानी मोठी. पन्नास-साठ मानसं तिच्यात राह्यतात अन् ते पान्याच्या खालून चालते. बरं, ते पाहा, आता ते पानडुबी बुडली. सांगा कुठी निंगन?"

मुलांनी दहा ठिकाणी बोटं दाखवली. पाखरू अकराव्या ठिकाणी वर आलं.

"पाह्यलं? डोऱ्यानं नाई सापडत. कानानं सापडते. हिरीत कुकारा देल्ला तं परत येते का नाई आवाज? आमी पान्यात तसाच कुकारा सोडाचो, मशीननं. तो कशाले तरी टक्कर खाऊन परत आला का समजाचं, इथी काईतरी हाये. मंग आयकत राह्याचं. मासे हायेत, का गोटा हाये, का ते हाये."

"अन् तेच हाये हे कसं समजे?"

"सासूच्या पायाचा आवाज सुनेले कसा समजते? आयकून आयकून."

मला हे सगळं फार गोड वाटलं. खोलीवर जाऊन मी ते विसरले. ऐकणं हा त्यांचा धंदा होता आणि त्या धंद्याचे स्वतःचे शब्द असतील, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

त्या वर्षी डिसेंबरात वरून एक परिपत्रक आलं: प्रजासत्ताक दिनी गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार करावा. मुख्याध्यापक सज्जन माणूस, थोडा भित्रा, पण त्यांनी त्या परिपत्रकाचा आधार घेऊन एक धाडस केलं. सत्कारच नाही, झेंडाही भाऊंच्या हातून फडकवायचं ठरवलं. आमच्या शाळेचा झेंडा दर वर्षी संस्थेचे अध्यक्ष फडकवायचे. गावातले मोठे शेतकरी, त्यांच्या वडिलांनीच शाळेला जागा दिलेली. वस्तीतल्या माणसाने त्या खांबाच्या दोरीला हात लावायची ही पहिली वेळ होती. अध्यक्ष परिपत्रकाला नाही म्हणू शकले नाहीत. "हो हो, अवश्य," म्हणाले, आणि पानाची पिंक टाकायला बाहेर गेले.

भाऊंच्या बिल्ल्याबरोबर आलेला इंग्रजी कागद मराठीत करून माइकवर वाचायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

तो आणायला मी त्यांच्या घरी गेले. भाऊंच्या बायकोने अंगणात खाट टाकली, चहा ठेवू का विचारलं. मी म्हटलं, नको, आत्ताच घेतला. घेतला नव्हता. का नको म्हटलं ते मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. तिने पुन्हा आग्रह केला नाही.

भाऊंनी पेटीतून पदक काढलं. चांदीचं, कडेला त्यांचं नाव कोरलेलं, वर निळी फीत आणि फितीच्या मधोमध एक पांढरी रेघ. ते त्यांनी माझ्या हातावर ठेवलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं की ते एवढं लहान आहे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता, घड्यांवर पिवळा पडलेला. एकाहत्तरच्या लढाईतला. ते एका फ्रिगेटवर होते, आणि शत्रूच्या पाणबुड्या शोधणं हेच त्या जहाजाचं काम होतं.

"बाई," ते म्हणाले, "माइकवर वाचाच्या आंधी एकडाव मले वाचून दाखवा. त्याच्यात आमच्या कामाचे शब्द हायेत."

"भाऊ, मी इंग्लिश घेऊन बी.ए. झालेय," मी म्हटलं.

"हो, ते तं हायेच," ते म्हणाले. "तरी पन."

मी म्हटलं बघू. पण नाही दाखवलं. वेळ नव्हता असं नाही. सहामाही पेपर तपासून झाले होते, धान चुरून झालं होतं, अर्धं गाव उन्हात बसून लाखोळीच्या शेंगा खात होतं. मला ते कमीपणाचं वाटलं, एवढंच. माझं भाषांतर तपासायला मी काय शाळकरी मुलगी होते का.

सव्वीस जानेवारीला भाऊ पांढराशुभ्र शर्ट-पँट घालून आले. इस्त्रीची घडी अशी की हात लावला तर कापेल. छातीवर पदक. वस्तीतून सगळे आले होते, म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, बाया नवी लुगडी नेसून, आणि पहिल्यांदाच मागे न थांबता मैदानाच्या मधोमध बसल्या होत्या. भाऊंनी दोरी ओढली. झेंडा एका झटक्यात उलगडला, फुलं त्यांच्याच डोक्यावर पडली. त्यांनी ठोकलेला सलाम मी अजून विसरले नाही. मग ते खुर्चीवर बसले आणि मी माइक हातात घेतला. भोंगा कडुनिंबाच्या झाडावर बांधला होता, ब्रह्मपुरीहून भाड्याने आणलेला, आणि माझा आवाज तलावापर्यंत जाऊन परत येत होता.

इंग्रजीत वाक्य होतं की त्यांनी शत्रूच्या पाणबुडीशी चार तास 'काँटॅक्ट मेन्टेन' केला. मी शब्दकोश उघडून, शब्दाला शब्द लावून, घोळून घोळून वाचलं:

"त्यांनी अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत, सलग चार तास, शत्रूच्या पाणबुडीशी संपर्क ठेवला, आणि तो एकदाही तुटू दिला नाही!"

'तुटू दिला नाही' वर मी आवाज चढवला. टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या वाजवल्या त्या मुलांनी, कारण मुलांना थांबलं की वाजवायच्या असं शिकवलेलं. व्हरांड्यात अध्यक्ष आणि त्यांची चारपाच माणसं बसली होती. तिथून कोणीतरी फुस्सकन हसलं. मग दुसरा. मग ते हसू मैदानात उतरलं आणि मागच्या रांगांपर्यंत गेलं. वस्तीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. भोंग्याचा आवाज झाडावरून, भाऊंच्या डाव्या बाजूने येत होता. त्यांना काही नीट ऐकू आलं नसावं. लोक हसतायत, आनंदात आहेत, एवढंच त्यांना दिसलं. ते खुर्चीवरून उठले आणि सगळीकडे वळून वळून हात जोडू लागले.

ते हात जोडणं मला आजही सहन होत नाही.

बुंदी वाटताना अध्यक्ष मोठ्याने म्हणाले, "शत्रूशी चार तास संपर्क! अन् तुटू बी नाई देल्ला! आमाले तं इतका आपल्या जावयाशी नाई ठेवता येत बाप्पा." सगळे खो खो हसले. मीही हसले. मला वाटलं, जावयावरचा विनोद आहे.

चार दिवसांत गावात नेव्हीवाले भाऊ नावाचा माणूस उरला नाही. संपर्कभाऊ झाला. बस थांबायची तिथे चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाचा आडोसा, एक भट्टी आणि दोन बाकं. तो हॉटेलवाला मोठा गमत्या. भाऊ दिसले की म्हणे, "या संपर्कभाऊ, का म्हंते पाकिस्तान? पत्र-बित्र?" आधी थट्टा होती. मग कोणी म्हणालं, शत्रूला खबरा देत होता म्हणे, तेच कागदावर लिहिलंय, बाईनेच वाचलं. मग कोणी म्हणालं, तरीच लवकर परत आला नोकरीवरून. पराचा कावळा व्हायला किती वेळ लागतो. फेब्रुवारीत संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी सांगितलं की शनिवारचा वर्ग बंद करावा, उगाच पालकांच्या तक्रारी नकोत. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. कोणत्या पालकाने तक्रार केली हे कोणी विचारलं नाही.

हे सगळं माझ्या कानावर येत होतं, आणि तरी माझं काही चुकलंय हे मला कळलं नव्हतं. लोक अडाणी आहेत, असं मी म्हणत होते.

मग एका दुपारी भाऊ शाळेत आले. मधली सुट्टी होती. ते मला बाहेर आंब्याखाली घेऊन गेले आणि मी ज्या कागदावरून वाचलं होतं तो मागितला. मी कपाटातून आणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून वाचला, ओठ हलवत, आणि त्या वाक्याशी थांबले.

"बाई, संपर्क कायले लिहिलं इथी?"

"काँटॅक्ट म्हणजे संपर्क, भाऊ." मी तर शब्दकोशच आणून त्यांच्यापुढे उघडून धरला. खरंच धरला. बोटाने दाखवलं. "हे पाहा, छापलेलं आहे."

त्यांनी पाहिलं. "हे डिक्शनरी कधी जहाजावर गेल्ती का बाई?"

मी शब्दकोश मिटला.

"आमच्यात काँटॅक म्हंजे सापडली. आमचा आवाज तिच्यावर आपटून परत आला, तं काँटॅक भेटला. नाई आला, तं गेला. तिले थोडी मालूम हाये मी कोन हावो." ते हळू बोलत होते, वर्गात समजावतात तसे. "चार तास मी तिले कानात धरून ठेवली. ते खाली जाये, बाजूले जाये, मशीन बंद करून चूप बसे. वरून आमचं जहाज डब्बे टाके पान्यात, बारूद भरलेले. ते फुटाच्या आंधी कानाचे हेडफोन काढाचे, असा हुकूम होता. नाई तं कान जाते. पन काढले का ते निसटे. दोनदा तशी निसटली. तिसऱ्या डावाले मी एका कानाचं काढलं, एका कानाचं राहू देल्लं."

त्यांनी डाव्या कानाला हात लावला नाही. लावायची गरज नव्हती.

"मग बुडाली का ती?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत मी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"कोनाले माहीत? वर तेल आलं नाई. पन आमच्या मांगं सामानाचे जहाज होते, ते सारे पोचले." मग म्हणाले, "तिच्यातबी मानसंच होती म्हना."

मला तेव्हा रडू आलं. इतका राग आला स्वतःचा की शब्दकोश तिथेच आंब्याच्या बुंध्यावर आपटावासा वाटला. मी म्हटलं, भाऊ, माझी चूक झाली. ते म्हणाले, "चूक होते बाई. मानसाचीच होते. माह्यं एकच म्हननं हाये. तुमी माइकवर म्हनलं होतं, तं माइकवरच सांगा का लिहिनाऱ्याची चूक झाली. मी सांगलं तं कोन आयकते? तुमी मास्तरीन हा. माह्या पोरीले शाळंत पोरं संपर्क्याची पोट्टी म्हंतात."

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, आठवी ब मध्ये. तिसऱ्या बाकावर बसायची. तीन आठवडे ती वर्गात बोलत नव्हती आणि मला वाटलं होतं, वयात येतेय.

"पंधरा ऑगस्टला," मी म्हटलं. "भोंगा लागेल तेव्हा सगळ्यांसमोर सांगते. नक्की."

मी मनापासून म्हटलं होतं. पण पंधरा ऑगस्ट यायला पाच महिने होते, आणि पाच महिन्यांत माणूस स्वतःला पुष्कळ गोष्टी समजावून सांगतो. मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, जाऊ द्या, लोक विसरले आता. पुन्हा खपली कशाला काढता? शिवाय अध्यक्षांना वाटेल की आपण त्यांनाच टोमणा मारतोय." मग आवाज खाली करून म्हणाले, "तुमची कायम होण्याची फाइल सप्टेंबरात त्यांच्यापुढे जायची आहे, हे लक्षात असू द्या."

ते माझ्या लक्षात होतं. त्यांनी सांगायच्या आधीपासून होतं.

पंधरा ऑगस्टला रात्रभर पाऊस पडून मैदान चिखलाचं झालं होतं. झेंडा अध्यक्षांनी फडकवला. वस्तीतले लोक फारसे आले नव्हते. भाऊ आले होते. आत नाही आले. काटेरी कुंपणाच्या पलीकडे, रस्त्यावर उभे राहिले, साध्या धोतरावर, छातीवर काही नाही. शेजारी मुलगी. भोंगा पुन्हा त्याच कडुनिंबावर होता. या वेळी त्यांनी उजवा कान भोंग्याकडे केला होता आणि कानामागे हाताचा द्रोण धरला होता, एकही शब्द सुटू नये म्हणून.

मी माइकवर होते. मी पाहुण्यांचं स्वागत केलं. गुणवंत विद्यार्थ्यांची नावं वाचली. अध्यक्षांचे आभार मानले. प्रत्येक वेळी नजर वर केली की तो हात दिसायचा. एकदा तर मी म्हटलंही, "आणि आज मला..." आणि थांबले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आज मला नववी ब च्या मुलींना समूहगीतासाठी बोलवायचं आहे."

गाणं झालं. वंदे मातरम् झालं. भोंग्यात खरखर झाली आणि माइक बंद केला गेला. त्यानंतरही ते थोडा वेळ तसेच उभे होते, कानामागे हात धरून. मग मुलीने त्यांच्या कोपराला हात लावला आणि काहीतरी सांगितलं. त्यांनी हात खाली घेतला आणि दोघं तलावाच्या वाटेने गेली.

सप्टेंबरात मी कायम झाले.

मुलगी दिवाळीनंतर शाळेत आली नाही. तिला ब्रह्मपुरीला मामाकडे ठेवलं असं कळलं. भाऊ रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे, पहिल्यासारखाच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, मी चंद्रपूरच्या एका शाळेत नोकरी धरली, आणि मनाला सांगितलं की संपलं ते. जिच्या जिभेला हाड नव्हतं तिला जेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं तेव्हाच ती जीभ टाळ्याला चिकटली. हे काही संपत नाही.

बऱ्याच वर्षांनी, अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या हिवाळ्यात मी परत त्या गावी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. चंद्रपुरात नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शेजारी राहायला आले होते, त्यांच्याजवळ बसून मी ते वाक्य पुन्हा, विचारून विचारून मराठीत केलं. जंगलातल्या लोकांचा शब्द शेवटी सापडला: 'सलग चार तास शत्रूच्या पाणबुडीचा माग सोडला नाही. त्यात स्वतःचा कान गेला तरी सोडला नाही.' मोठ्या अक्षरात लिहून काढलं. ब्रह्मपुरीहून जीपमध्ये कोंबून घेऊन दुपारी पोचले.

भाऊ अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होते. दोरीची गाठ तीच, मुलांना शिकवायचे ती. मी हाक मारली. त्यांनी पाहिलं नाही. बायको आतून आली, मला ओळखलं, क्षणभर दारात थांबली. मग म्हणाली, "दुसराबी कान गेला बाई दोन वर्साआंधी. हातानं सांगा लागते."

मी समोर जाऊन बसले. ते उठू लागले, मी बसवलं. कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचला, मागच्या वेळेसारखाच. पूर्ण वाचला. दुसऱ्यांदा वाचला. 'माग' या शब्दावर बोट ठेवून मान हलवली: बरोबर आहे. मी बोलू लागले, मग आठवलं, आणि हात जोडले.

त्यांनी कागदाची घडी केली आणि मला परत दिली.

"हे मले कायले सांगता बाई?" बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात ते म्हणाले. रागावले नव्हते. "मले तं माहीतच हाये. त्यायले सांगा."

बायकोने चहा आणला. मी घेतला. पदक कुठे आहे हे विचारायचं धैर्य झालं नाही.

तिथून मी तडक बस थांबते तिथे आले. हॉटेल तेच होतं, आता वर पत्रा आला होता. बाकावर गावातली पाच-सहा माणसं होती, त्यातली दोघं तेव्हा अध्यक्षांबरोबर व्हरांड्यात बसलेली. अध्यक्ष मागच्या वर्षी वारले होते. मी बसले नाही. उभ्यानेच कागद उघडला आणि म्हटलं, "मला तुम्हाला एक वाचून दाखवायचं आहे. त्या सव्वीस जानेवारीला मी चुकीचं वाचलं होतं." आणि वाचलं. भोंगा नव्हता. शेवटपर्यंत वाचलं.

कोणी हसलं नाही. हॉटेलवाला गाळणीतून चहा गाळत होता, त्याने केटली खाली ठेवली.

"बाई," तो म्हणाला, "हे आमाले तवाच समजलं होतं. शत्रूशी बोलनाऱ्याले सरकार बिल्ला देते का? येवढं तं लेकराले बी समजते. पन तुमीच माइकवर म्हनलं, तं आमाले बोलाले जागा भेटली."

बाकावरचे दोघं जमिनीकडे पाहू लागले.

"मग आता तरी जाऊन त्यांना सांगा ना तसं," मी म्हटलं. "की तुम्हाला माहीत होतं."

हॉटेलवाल्याने खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले. तलावाच्या दिशेने एकदा पाहिलं.

"आता का सांगता बाई," तो म्हणाला. "त्याले आयकू नाई येत."

ब्रह्मपुरीची बस आली. मी कागद पिशवीत घातला आणि चढले.